कॉलेजचं दार शाळेतच उघडतं



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा निरोप घेऊन कार्यकारिणीची मुलं घरी आली. मी गिरणी कामगार माणूस. साचेखात्यात उभं आयुष्य गेलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमची गिरणी जी थांबली ती थांबलीच. तेव्हापासून संध्याकाळचा माझा वेळ विहाराच्या अभ्यासिकेत जातो. दरवर्षी जून महिना आला की तिथे आईबाप येतात. हातात पोराची मार्कशीट, चेहऱ्यावर गोंधळ. "काका, एवढ्या मार्कांत कुठलं कॉलेज मिळेल?" हा एकच प्रश्न.

मी त्यांना उलट विचारतो, "पोरगं कुठल्या शाळेत होतं?" त्यांना वाटतं, म्हातारा भलतंच काहीतरी विचारतो. म्हणून या लेखात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं आहे. कॉलेजचा प्रवेश जूनमध्ये होतो हे अर्धं खरं आहे. तो दहा वर्षं आधी, पहिलीच्या बाकावरच सुरू झालेला असतो. आणि हे काही माझं म्हणणं नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आपला इतिहासच ते सांगतो.

आमच्या गिरणीतला दाखला देतो. रिंगखात्यात सूत कच्चं निघालं की साच्यावर धागा तुटतो. कापडात डाग दिसतो तो साच्यावर, आणि बोलणी बसतात साचेवाल्याला. कच्चं सूत कुणी काढलं, कापूस कसला घातला, हे कुणी विचारत नाही. आपल्या पोरांचं तसंच होतं.

धारवाडचा तो मुलगा

१८५६ सालची गोष्ट. मुंबई विद्यापीठ निघायला अजून एक वर्ष होतं. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने जूनमध्ये सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळा, सरकारी पैसा, मग मला का नाही, एवढाच त्याचा सवाल. सरकारने जुलैमध्ये ठराव केला. त्याचा मतितार्थ असा, की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी बाकीच्यांच्या मनाविरुद्ध जाऊन शाळाच निकामी करून घेणं सरकारला परवडणारं नाही.

म्हणजे काय झालं पहा! पुढच्याच वर्षी, १८५७ साली, मुंबईत विद्यापीठ उघडलं. त्याच्या दारावर "अस्पृश्यांना मनाई" अशी पाटी लावायची गरजच पडली नाही. ते काम धारवाडच्या शाळेच्या दाराने आधीच केलं होतं. जो शाळेच्या ओट्यावर चढला नाही तो मॅट्रिकला कसा बसणार, आणि कॉलेजात कुठून येणार?

महात्मा फुल्यांनी ही गोम ओळखली होती. पुण्यात त्यांनी मुलींसाठी आणि महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, त्यामुळे ते ऐकीव बोलत नव्हते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकारची तिजोरी भरते कष्टकऱ्याच्या घामाने, आणि खर्च होते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा आरोप होता. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल असं सरकार समजत होतं. फुले म्हणाले, ती झिरपलेली नाही. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांचा उच्च शिक्षणाला विरोध नव्हता. पाया न घालता कळस चढवण्याला होता.

एक खोली, एक दिवा

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपण बाबासाहेबांच्या पदव्या पोरांना पाठ करून घेतो. पण त्या पदव्यांच्या आधीची शाळा विसरतो.

साताऱ्याच्या शाळेत भिवा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. पुढे सुभेदार रामजी मुंबईला आले, परळला चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड केलं आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. सरकारी, नावाजलेली शाळा. पण तिथेही भिवा फळ्याजवळ गणित करायला उठला तर पोरं धावत जाऊन फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे बाजूला करायची. संस्कृत शिकायची इच्छा होती, तर शिक्षकाने अस्पृश्याला शिकवायला नकार दिला. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली.

इथे थोडं थांबा. आजकाल "चॉइस", "ऑप्शन" हे शब्द आपण रोज ऐकतो. मुलाने आपला विषय आपण निवडावा म्हणतात. बाबासाहेबांसारख्या विद्वानाचा विषय कुणी निवडला? शाळेतल्या एका शिक्षकाच्या नकाराने! संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या मेहनतीने शिकून घेतलं, ही गोष्ट वेगळी. पण सगळी पोरं बाबासाहेब नसतात, आणि सगळ्यांनी बाबासाहेब असल्याशिवाय शिकू नये असाही नियम नाही.

घरचं काय होतं? एका खोलीत सगळं कुटुंब. रामजी पोराला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच खोली शांत असायची. मग रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून सावकाराकडे गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. मोठे भाऊ आनंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. म्हणजे एक भाऊ शिकावा म्हणून दुसऱ्याने पाटी खाली ठेवली, आणि बहिणींनी दागिने काढून दिले. बाबासाहेबांच्या मॅट्रिकमध्ये या सगळ्यांचा वाटा आहे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी मार्क नोंदवले आहेत, ७५० पैकी २८२. म्हणजे ३८ टक्क्यांनाही थोडे कमी. तेव्हाचे मार्क आणि आताचे मार्क एका तराजूत तोलता येत नाहीत हे मलाही कळतं. पण आज कुणाच्या पोराला ४० टक्के पडले की आपणच म्हणतो, "डोकं नाही त्याला, लावा कुठेतरी कामाला." तेव्हा हा आकडा आठवावा. मार्क हे नुसत्या डोक्याचे नसतात. खोलीचे असतात, दिव्याचे असतात, शाळेचे असतात.

मॅट्रिकनंतर एल्फिन्स्टन कॉलेज. इंटर झाल्यावर रामजींची ताकद संपली. तेव्हा गुरुवर्य केळुसकर यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजातल्या म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तकं दिली, कपडेही दिले. हे २५ रुपये वेळेवर आले नसते तर? गुणवत्ता तीच राहिली असती. बी.ए. मात्र झाली नसती.

शंभरातले ब्याऐंशी

१९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि शिक्षणाच्या खर्चावर बोलले. महाराष्ट्र सरकारने १९८२ साली छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते भाषण आहे. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, एकेक पान दोन-दोन रात्री. त्यात दोन आकडे आहेत, ते प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावेत असे आहेत.

पहिला आकडा कॉलेजचा. लोकसंख्येच्या दर २ लाखांमागे कॉलेजात किती? पुढारलेले हिंदू १०००. मुसलमान ५२. मधल्या जाती १४. आणि आपल्यासारखे मागासलेले? शून्य, फार तर एखादा.

दुसरा आकडा शाळेचा. प्राथमिक शाळेत घातलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात.

आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पहा. कॉलेजातला शून्य कुठून आला? तो चौथीच्या आत गळालेल्या ८२ मधून आला. आणि बाबासाहेबांनी तिथे सरकारला बजावलं, की शिक्षण खातं हे काही दिलेल्या पैशाचा मोबदला वसूल करायचं दुकान नव्हे. शिक्षण गरिबाच्या हाताला लागेल इतकं स्वस्त असलं पाहिजे.

ते नुसतं बोलून थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली आणि १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झालं. आधी वसतिगृह, मग बाकीचं! कारण त्यांना ठाऊक होतं की खेड्यातल्या पोराला हायस्कूल गावात मिळत नाही, आणि शहरात त्याला कुणी खोली देत नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीचे ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ पासूनची ती शिष्यवृत्ती अजून चालू आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या घरातला पहिला पदवीधर त्या पैशावर शिकला!

मग ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथे सकाळी वर्ग भरायचे. का? तर गरिबाचं पोरगं दिवसा नोकरी करतं म्हणून. बाकीची कॉलेजं विद्यार्थ्याला म्हणत, आमच्या वेळेला या. सिद्धार्थ म्हणालं, तुमच्या वेळेला आम्ही उघडतो. केवढा फरक आहे! फोर्टातल्या आनंदभवन आणि बुद्धभवनात आपल्या वाडवडिलांपैकी किती कारकून, टपालवाले, गिरणीवाले सकाळी तास करून कामावर पळाले असतील.

तिकडे मराठवाड्यात त्याहून बिकट स्थिती होती. तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं, आणि शिकायचं उर्दूतून. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद. नागसेनवनात कॉलेजसोबत वसतिगृहं उभी राहिली, आणि पुढे शाळाही. कॉलेज काढणाऱ्या संस्थेने शाळा का काढावी? कारण वरचा मजला बांधताना पाया बघावा लागतो. फुल्यांचा धडा शिष्याने गिरवला होता.

दाखल्यावरची एक ओळ

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपूरला माणूस झालो. पण दाखल्यावर "बौद्ध" लिहिलं की सवलत जायची, कारण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने द्यायला १९९० साल उजाडलं. मधली तीस वर्षं आपल्या आईबापांनी शाळेत नाव घालताना काय लिहावं या पेचात काढली. धम्म लिहावा तर पोराची केंद्राची नोकरी जाते, जात लिहावी तर मन खातं. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ पुढच्या सगळ्या आयुष्याची दारं ठरवायची.

आजही तेच. २००१ पासून जात पडताळणीचा कायदा अमलात आला. व्यावसायिक कॉलेजच्या राखीव जागेसाठी पडताळणी लागते, आणि तिथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. सर्वात भक्कम पुरावा कुठला? आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला! ज्या आजोबाला शाळेने आत घेतलं नाही, त्याच्या नातवाकडे आजोबाचा दाखला मागायचा. मग गावाला जा, कोतवाल बुक शोधा, तहसीलला खेटे घाला. धारवाडच्या दाराची सावली इथपर्यंत पडते, बंधूंनो.

खिडकीतलं वाक्य

आता थोडं स्वतःविषयी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. वडील साचेवाले, संपात. घरात पगार बंद. दहावीला मी दिवसाची शाळा सोडून रात्रशाळेत गेलो, दिवसा छापखान्यात बायंडिंगचं काम. रात्रशाळेचे मास्तर जीव तोडून शिकवायचे, पण तिथे प्रयोगशाळा नव्हती. विज्ञानाचे प्रयोग आम्ही फळ्यावरून वहीत उतरवले. परीक्षानळी मी पहिल्यांदा हातात धरली ती परीक्षेच्या दिवशी.

१९८३ साली ५४ टक्क्यांनी पास झालो. आमच्या चाळीत पेढे वाटले. मला सायन्सला जायचं होतं. एका कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. आतल्या माणसाने रात्रशाळेचा दाखला पाहिला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सायन्स इंग्रजीतून असतं. कॉमर्स घे, बरं पडेल." तो रागाने बोलला नाही. समजावून बोलला. मी फॉर्म दुमडून खिशात घातला आणि घरी आलो. राखीव जागांची वेगळी यादी लागते, दुसऱ्या कॉलेजात विचारता येतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. नाही म्हणायला त्या माणसाला एक वाक्य पुरलं, कारण बाकीचं काम आधीच झालेलं होतं. रात्री कॉमर्सची बारावी केली, आणि १९८७ ला बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो.

याच सुमारास दुसरं एक दार उघडत होतं. १९८३ पासून राज्यात विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. जागा वाढल्या हे खरं, पण त्या पैशाच्या पायऱ्यांवर वाढल्या. पुढे कोर्टाचे निकाल आले, फीचे नियम झाले, फी माफीच्या योजना आल्या. तरी घरात पैसा असलेल्याला चार दारं आणि आपल्याला एक, हे सूत्र कायम राहिलं.

पण मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे. माझी मुलगी २०१० साली दहावी झाली. माझा मुलगा इंग्रजी शाळेत होता आणि ती म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत, कारण दोघांची फी मला झेपत नव्हती. फी कुणाची भरायची हे ठरवताना मी फार विचारही केला नाही. सातवीनंतर ती शेजारच्या हायस्कूलात गेली, दहावीला चांगले ७९ टक्के पडले. २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश कॉम्प्युटरवर झाले होते. सायबर कॅफेत बसून आम्ही फॉर्म भरला. ती म्हणाली, "पप्पा, सायन्स." मी क्लासच्या फीचा हिशोब केला, तिचं इंग्रजी आठवलं, आणि म्हणालो, "कॉमर्स घे, बरं पडेल."

ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला ती खिडकी आठवली. पण बटण दाबून झालं होतं. आज ती नोकरी करते, सुखात आहे. मागच्या वर्षी अभ्यासिकेत मुलांचे फॉर्म भरताना सहज म्हणाली, "पप्पा, या मुलांना विचारता तसं मला विचारलं नव्हतं तुम्ही." मी काही बोललो नाही. आनंदरावांनी शाळा सोडली ती घरात पैसा नव्हता म्हणून. मी मुलीची वाट अडवली ती थोडी पैशाने आणि थोडी माझ्या सवयीने. यातलं पहिलं व्यवस्थेच्या खात्यावर, दुसरं माझ्या.

आज काय करायचं?

आज दार उघडं दिसतं. २०२५ पासून तर सगळ्या राज्यात अकरावी ऑनलाइन झाली. पण नीट बघा. संस्थेच्या स्वतःच्या शाळेतल्या मुलांना संस्थेच्या कॉलेजात इनहाऊस कोटा आहे. मोठ्या संस्थेच्या शाळेत असलेल्या पोराला कॉलेजची एक वाट तिथूनच मिळते. म्युनिसिपालटीच्या शाळेला बहुधा कॉलेजच नसतं. मेडिकलला नीट, इंजिनिअरिंगला सीईटी, म्हणजे शाळेशेजारी दुसरी महागडी शाळा आली, तिचं नाव क्लास. आणि दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या पोराला अकरावीत तेच विज्ञान इंग्रजीतून नव्याने शिकावं लागतं. पहिल्या तिमाहीत पोरगं मागे पडतं आणि आपण म्हणतो, झेपलं नाही.

राखीव जागा हा आपला हक्क आहे, तो कुणाची मेहेरबानी नाही. पण राखीव जागेपर्यंत पोचायला बारावी लागते, बारावीला दहावी लागते, आणि दहावीला चौथीत वाचता यावं लागतं. म्हणून विहारासाठी तीन सूचना मांडतो.

एक, गुणवंतांचा सत्कार आपण जूनमध्ये करतो तो करावाच. पण तिसरी-चौथीच्या पोरांना विहारात बसवून रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्यावं. ब्याऐंशीचा आकडा तिथेच अडवता येतो.

दोन, आठवीपासूनच प्रत्येक घराने एक फाईल करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आजोबांच्या नोंदीचा उतारा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून काही हाताला लागत नाही.

तीन, फॉर्म भरताना मुलाला आणि विशेषतः मुलीला आधी विचारावं, तुला काय शिकायचं आहे? फीचा विचार त्यानंतर, आणि तोही एकट्याने नाही, विहारात चारजणांत बसून. शिष्यवृत्ती कुठली, वसतिगृह कुठलं, हे कुणालातरी माहीत असतं.

या जूनमध्ये अभ्यासिकेचं टेबल सकाळी सातला लावणार आहोत, कामावर जाणाऱ्या आईबापांना सोयीचं पडेल म्हणून. फॉर्म भरायला माझी मुलगी बसेल. मी शेजारी चहाचं बघेन.

जयभीम! नमो बुद्धाय!